कॅबिनेट निवडताना कोणत्या परीक्षणांवर विश्वास ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक स्वतः जोडणारी माणसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड निवडण्यात कित्येक आठवडे घालवतात आणि कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, मात्र छायाचित्र पाहून ठरवतात. प्रोसेसर दोन-चार वर्षांनी बदलला जातो, पण कॅबिनेट चांगले असेल तर त्यात एकामागून एक दोन-तीन संगणक उभे राहतात. म्हणून ते घेण्यापूर्वी कोणाचे म्हणणे मानावे आणि कोणत्या आकड्याकडे कसे पाहावे, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

कॅबिनेट म्हणजे शेवटी पत्र्याचा डबाच. त्यासाठी परीक्षणे वाचण्याची खरोखर गरज आहे का?

आहे, आणि तीन कारणांसाठी आहे. हवा कोठून आत येते आणि कोठून बाहेर जाते हे कॅबिनेटच ठरवते, त्यामुळे तेच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका कॅबिनेटमध्ये शांतपणे चालते तर दुसऱ्यात पंखे सतत जोरात फिरत राहतात. दुसरे कारण जागेचे आहे, कारण कागदावर बसणारा भाग प्रत्यक्षात बसेलच असे नसते. तिसरे कारण म्हणजे घडण. पत्रा किती जाड आहे, स्क्रूचे आटे नीट कापले आहेत का, धूळ अडवणारी जाळी न मोडता काढता-घालता येते का, या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत.

कंपनीच्या माहितीपत्रकातून यांपैकी फारच थोडे कळते. मदरबोर्डची, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डची, मापे मात्र निश्चित आहेत. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० चा असतो, आणि स्क्रूची छिद्रेही ठरलेल्या जागीच असतात. त्यामुळे बोर्ड बसेल का, हा प्रश्न सहसा पडत नाही. अपवाद ई-एटीएक्स या एटीएक्सहून मोठ्या बोर्डचा. हे नाव इतक्या सैलपणे वापरले जाते की तेथे बोर्डची रुंदी मिलिमीटरमध्ये पाहिल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये.

एखादे परीक्षण विश्वासार्ह आहे, हे कशावरून ओळखावे?

परीक्षकाने काय मत दिले यापेक्षा त्याने ते मत कसे बनवले, हे तो सांगतो का ते आधी पाहावे. ज्याचे काम दुसऱ्या कोणालाही तपासून पाहता येईल अशा रीतीने मांडलेले असते, त्याच्यावर विश्वास ठेवायला आधार असतो. मग त्याचा वाचकवर्ग मोठा असो वा छोटा.

व्यवहारात याचा अर्थ असा की परीक्षकाने कोणता प्रोसेसर, कोणते कार्ड, कोणता कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) वापरला हे लिहिलेले असावे आणि तीच भागांची जोडणी त्याने इतर कॅबिनेटांसाठीही वापरलेली असावी. ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे. एकाच कॅबिनेटमधले प्रोसेसरचे तापमान ७० अंश सेल्सिअस आले, एवढ्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याच जोडणीत दुसऱ्या आठ-दहा कॅबिनेटांमध्ये ते किती आले, हे शेजारी दिसले की त्या ७० ला अर्थ येतो. चाचणीच्या वेळी खोलीचे तापमान किती होते, पंखे कोणत्या वेगाने फिरत होते, ते कॅबिनेटसोबत आलेलेच होते की परीक्षकाने आपले बसवले होते, आणि संगणकावर भार कशाचा व किती वेळ होता, हेही सांगितलेले असावे. दहा मिनिटांच्या चाचणीत आतली हवा पुरती तापलेलीसुद्धा नसते, मग कॅबिनेटची परीक्षा होणार कोठून?

आणखी एक खूण मी नेहमी शोधतो. परीक्षकाने दोष सांगताना तो कोठे आणि कसा आढळला हे सांगितले आहे का? ‘केबल लपवायला जागा थोडी कमी आहे’ हे वाक्य कोणीही, कॅबिनेट न उघडताही लिहू शकतो. ‘मदरबोर्डमागे मुख्य २४ पिनांची केबल वळवल्यावर उजवे दार लावताना तळहाताने दाबावे लागले’ हे वाक्य मात्र ज्याने ते दार स्वतः लावून पाहिले आहे, तोच लिहितो.

एकाच कॅबिनेटच्या दोन परीक्षणांत तापमानाचे आकडे वेगवेगळे आहेत. खरे कोणते मानावेत?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, फक्त त्यांची सरळ तुलना करता येत नाही. समजा, एका परीक्षकाने प्रोसेसरचे तापमान ६८ अंश दिले आहे आणि दुसऱ्याने ७६. वरवर पाहता पहिल्याकडे कॅबिनेट चांगले थंड राहिले. पण पहिल्याची खोली २० अंशांवर होती आणि दुसऱ्याची ३० अंशांवर, हे कळले की चित्र उलटे होते. पहिल्याकडे प्रोसेसर खोलीपेक्षा ४८ अंशांनी गरम होता, तर दुसऱ्याकडे ४६ अंशांनीच. म्हणून चांगले परीक्षक खोलीच्या तापमानाच्या वर किती अंश चढले, हाच आकडा देतात. तो दिलेला नसेल, पण खोलीचे तापमान दिलेले असेल, तर वजाबाकी आपणच करावी. दोन्ही नसतील तर त्या परीक्षणातले तापमान बाजूला ठेवून उरलेले वाचावे.

हा फरक काढल्यानंतरही वेगवेगळ्या परीक्षकांचे आकडे एकाच तक्त्यात मांडू नयेत, कारण कूलर, भार आणि पंख्यांचा वेग यांतही तफावत असते. कोणाचे कॅबिनेट कितव्या क्रमांकावर आले, हे मात्र ताडून पाहता येते. तीन परीक्षकांच्या तीन वेगळ्या जोडण्यांमध्ये एखादे कॅबिनेट दरवेळी वरच्या फळीत दिसत असेल, तर ते निःशंकपणे हवेशीर आहे.

आवाजाचे आकडे कसे वाचावेत?

तापमानापेक्षाही अधिक सावधपणे. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होणे, आणि एका पंख्याशेजारी तसाच दुसरा पंखा सुरू केला तर सुमारे ३ डेसिबल वाढतात. मोजणीचे अंतरही तितकेच महत्त्वाचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आकडा सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे ५० सेंटिमीटरवरून मोजलेले ४० आणि एक मीटरवरून मोजलेले ३४ यांत वस्तुतः काहीच फरक नसू शकतो. अंतर न सांगता दिलेला डेसिबलचा आकडा आपल्याला निरुपयोगी आहे.

तापमान आणि आवाज वेगवेगळे वाचू नयेत, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पंखे पूर्ण वेगाने फिरवले तर पुष्कळशी कॅबिनेटे थंड राहतात, आणि अगदी मंद ठेवले तर पुष्कळशी शांतही राहतात. म्हणून काही परीक्षक सगळ्या कॅबिनेटांचे पंखे असे जुळवतात की बाहेर येणारा आवाज सर्वांचा सारखा होईल, आणि मग तापमान मोजतात. ही चाचणी करायला वेळ आणि चिकाटी लागते, पण ज्याला शांत आणि थंड संगणक हवा आहे त्याच्यासाठी तिच्याइतकी उपयोगी चाचणी दुसरी नाही. ती ज्या परीक्षणात सापडेल, ते आधी वाचावे.

कंपनीने परीक्षकाला कॅबिनेट फुकट पाठवले असेल, तर परीक्षण विकले गेले असे समजावे का?

नाही. बहुतेक परीक्षकांना नमुना कंपनीकडूनच मिळतो, कारण बाजारात येण्यापूर्वी चाचणी करायची तर दुसरा मार्ग नसतो. नमुना कोणी दिला हे उघडपणे सांगितले आहे का, मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी कंपनीला दाखवला गेला होता का, आणि त्याच परीक्षकाने त्याच कंपनीच्या एखाद्या कॅबिनेटला पूर्वी नापसंती दर्शवली आहे का, हे पाहावे. ज्याने आजवर एकही कॅबिनेट वाईट म्हटलेले नाही, त्याच्या ‘उत्तम’ या शब्दाला काय किंमत द्यायची?

खरेदीच्या दुव्यांवर मिळणाऱ्या कमिशनचेही तसेच आहे. ते घेणे गैर नाही, पण ते घेणाऱ्याचा फायदा आपण काहीतरी विकत घेण्यात असतो, हे लक्षात असू द्यावे. ‘या वर्षीची सर्वोत्तम दहा कॅबिनेटे’ अशा याद्यांबाबत हे विशेष लागू होते. यादीतल्या प्रत्येक कॅबिनेटची लेखकाने स्वतः चाचणी केली आहे का, हे तेथे लिहिलेले नसेल तर ती माहितीपत्रकांवरूनच बनवली असावी, असे धरून चालावे.

ग्राहकांचे अभिप्राय आणि चांदण्या यांवर कितपत विसंबावे?

चांदण्यांवर फारसे नाही, अभिप्रायांच्या मजकुरावर मात्र पुष्कळ. पाच चांदण्या देणाऱ्याने कॅबिनेट कालच पाहिलेले असते आणि त्याचा रंग त्याला आवडलेला असतो. एक चांदणी देणाऱ्याची तक्रार अनेकदा वाहतुकीत फुटलेल्या काचेची असते, आणि तिचा दोष रचनेकडे जातोच असे नाही. खरे धन दोन, तीन आणि चार चांदण्यांच्या अभिप्रायांत असते. ही माणसे वस्तू वापरतात, तिच्यावर रागावलेली नसतात आणि काय खटकले ते नेमके लिहितात.

ते वाचताना एकाच तक्रारीची पुनरावृत्ती शोधावी. एकाच्या पुढच्या यूएसबी पोर्टला जोडणी मिळाली नाही, तर तो त्याच्या नगातला दोष असेल. पण पाच वेगवेगळ्या महिन्यांत पाच वेगवेगळ्या लोकांनी तेच लिहिले असेल, तर तो कॅबिनेटचाच दोष होय. काचेची तक्रारही वारंवार येत असेल तर आतले पॅकिंग अपुरे आहे असे समजावे.

व्यावसायिक परीक्षकाला जे कधीच कळत नाही ते ग्राहकाला कळते, हेही विसरू नये. परीक्षकाकडे कॅबिनेट आठवडा-दोन आठवडे असते. सहा महिन्यांनी पंख्याचे बेअरिंग खरखर करू लागते, चुंबकाने चिकटणारी जाळी सैल होते, दार काढता-लावता स्क्रूचे आटे घासून जातात, सुरू करण्याचे बटण आत अडकते. हे सारे फक्त ग्राहकांच्या अभिप्रायांतच सापडते. म्हणून शक्य असेल तेथे सर्वांत जुने आणि सर्वांत नवे असे दोन्ही अभिप्राय उघडून पाहावेत.

बनावट अभिप्राय कसे ओळखावेत?

खात्रीने ओळखता येतातच असे नाही, पण संशय कोठे घ्यावा हे सांगता येते. थोड्याच दिवसांत आलेली स्तुतीची लाट, कॅबिनेटच्या एकाही भागाचा उल्लेख नसलेला मजकूर, उत्पादनाचे पूर्ण नाव पुन्हा पुन्हा घेण्याची सवय, आणि वेगवेगळ्या लोकांच्या नावांखाली जवळपास तीच वाक्यरचना, ही त्याची लक्षणे आहेत. काही वेळा अभिप्राय खरे असतात, पण ते दुसऱ्याच वस्तूचे असतात. विक्रेता जुन्या, लोकप्रिय कॅबिनेटच्या पानावर नवे मॉडेल चढवतो आणि साचलेल्या चांदण्या त्याला आयत्या मिळतात. अभिप्रायांतल्या छायाचित्रांमधले कॅबिनेट आणि विक्रीस असलेले कॅबिनेट एकच आहे का, हे पाहिले की हा प्रकार लगेच उघडा पडतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बनावट अभिप्राय लिहिणे, विकणे आणि विकत घेणे यांवर बंदी घालणारा नियम केला असून तो २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. नियम चांगला आहे, तरी अभिप्राय बारकाईने वाचण्याचे काम त्यामुळे सुटलेले नाही.

माझे भाग त्या कॅबिनेटमध्ये बसतील का, हे परीक्षणातून कसे कळेल?

हा प्रश्न ज्याने विचारला त्याने निम्मे काम केले आहे, कारण बहुतेकांचा पश्चात्ताप येथेच असतो. माझाही येथलाच आहे. एका कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ग्राफिक्स कार्डसाठी ४०० मिलिमीटर जागा लिहिली होती आणि माझे कार्ड ३३६ मिलिमीटरचे होते. चार परीक्षणे वाचली, चारही अनुकूल होती. पुढच्या बाजूला मी पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा रेडिएटर लावला. त्याची जाडी २७ मिलिमीटर आणि त्यावरच्या पंख्यांची २५, म्हणजे ५२ मिलिमीटर तेथेच गेले आणि उरले ३४८. हिशेबाने १२ मिलिमीटर शिल्लक होते. पण कार्ड सरळ आत जात नाही. ते तिरके धरून मागच्या पट्टीत अडकवावे लागते आणि मग खाली दाबावे लागते, आणि त्या तिरकेपणाला १२ मिलिमीटर पुरले नाहीत. शेवटी रेडिएटरचे आठही स्क्रू काढले, तो हाताने पुढे धरला, कार्ड बसवले आणि रेडिएटर पुन्हा लावला. पुढे कार्ड काढायची वेळ येईल तेव्हा हेच सारे पुन्हा करावे लागणार, हे तेव्हाच लक्षात आले. हे नंतर मला एका ग्राहकाच्या तीन चांदण्यांच्या अभिप्रायात जसेच्या तसे लिहिलेले सापडले. तो अभिप्राय मी खरेदीपूर्वी उघडलाच नव्हता.

म्हणून परीक्षणात ‘किती जागा आहे’ याचे उत्तर न शोधता ‘दुसरे काय बसवल्यावर किती जागा उरते’ याचे उत्तर शोधावे. वर रेडिएटर लावल्यावर तो उंच रॅमला भिडतो का? उंच कूलर दाराच्या काचेला टेकतो का? नॉक्टुआ कंपनीच्या प्रसिद्ध एनएच-डी१५ या कूलरची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि अनेक कॅबिनेटांची मर्यादा नेमकी याच्याच आसपास असते. कार्डाची रुंदीही आता दुर्लक्षून चालत नाही. नव्या शक्तिशाली कार्डांचा वीज घेणारा १६ पिनांचा कनेक्टर दाराच्या बाजूला तोंड करून असतो, आणि केबल त्याच्या मुळाशीच करकचून वळली तर जोडणी सैल होऊन तापण्याचा धोका असतो. ज्या परीक्षकाने मोठे कार्ड बसवून दार लावल्यावर केबल कशी वळते याचे छायाचित्र दिले आहे, त्याने आपले मोठे काम वाचवले असे समजावे.

कार्ड उभे बसवायचे असेल तर कॅबिनेटसोबत येणारी रायझर केबल, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणारी लवचिक केबल, पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या कोणत्या पिढीची आहे हे विचारावे. चौथ्या पिढीचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या केबलवर चढवले की पडदा काळा राहणे किंवा संगणक मध्येच अडकणे हे प्रकार घडतात आणि माणूस उगीचच कार्डाला दोष देत बसतो.

व्हिडिओ पाहावा की लेखी परीक्षण वाचावे?

दोन्ही. दार कसे उघडते, जाळी किती सहज निघते, पत्रा दाबल्यावर किती वाकतो, हे व्हिडिओतच दिसते. तक्ते आणि मापे ताडून पाहायला मात्र लेखी परीक्षणच हवे. अशी सविस्तर लेखी परीक्षणे कमी होत चालली आहेत. १९९७ मध्ये सुरू झालेले आनंदटेक हे संगणकाच्या भागांची परीक्षणे देणारे संकेतस्थळ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले, ही वाचणाऱ्यांसाठी मोठी हानी आहे.

दोन वर्षांपूर्वीचे परीक्षण आजही चालेल का?

सांगाडा तोच असेल तर जागेविषयीचे निष्कर्ष चालतील. तापमान आणि आवाज यांविषयीचे चालतीलच असे नाही, कारण नाव तेच ठेवून सोबतचे पंखे बदलण्याची पद्धत आहे. बंद काचेचे पुढचे दार आणि जाळीचे पुढचे दार अशा दोन आवृत्त्याही पुष्कळदा एकाच नावाने विकल्या जातात आणि त्यांच्या हवा खेळण्यात मोठे अंतर असते. नावापुढचे एखादे अक्षर किंवा आकडा म्हणूनच नीट जुळवून घ्यावा.

चांगली परीक्षणे मिळालेल्या कॅबिनेटमध्येही गंभीर दोष निघू शकतो का?

निघू शकतो, आणि त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण एनझेडएक्सटी एच१ या छोट्या कॅबिनेटचे आहे. २०२० मध्ये ते आले तेव्हा त्याचे पुष्कळ कौतुक झाले. नंतर असे आढळले की रायझरची पट्टी सांगाड्याला जोडणाऱ्या धातूच्या स्क्रूमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू देऊ केले. परंतु गेमर्स नेक्सस या परीक्षकांनी दाखवून दिले की कोणी अजाणतेपणी पुन्हा धातूचा स्क्रू लावला तर धोका जसाच्या तसा राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सुमारे ३२,००० नग परत बोलावल्याचे जाहीर केले.

आधीचे परीक्षक खोटे बोलले नव्हते. त्यांच्या हाती असलेल्या दिवसांत तो दोष दिसला नव्हता. त्यामुळे खरेदीपूर्वी मॉडेलच्या नावासोबत ‘रिकॉल’ हा शब्द टाकून एकदा शोधावे, आणि रायझर किंवा पॉवर सप्लाय आतच बसवून येणाऱ्या कॅबिनेटांबाबत तर हे चुकवूच नये.

माझ्या आवडीच्या कॅबिनेटचे एकही परीक्षण सापडत नाही. मग काय करावे?

तोच सांगाडा दुसऱ्या नावाने विकला जातो का ते पाहावे. कारखाना एक आणि नावे अनेक, हे स्वस्त कॅबिनेटांत सर्रास चालते. मागच्या बाजूची छिद्रे, पट्ट्या आणि स्क्रूंच्या जागा छायाचित्रांत जुळवून पाहिल्या की बहुधा उलगडा होतो. कंपनीच्या संकेतस्थळावरची जोडणीची पुस्तिकाही उतरवून घ्यावी, कारण तिच्यातल्या आकृत्या जाहिरातीतल्या छायाचित्रांपेक्षा प्रामाणिक असतात. पुस्तिकाच उपलब्ध नसेल तर मी ते कॅबिनेट घेणार नाही.

नावे सांगायची झाली तर कोणाची परीक्षणे पाहावीत?

गेमर्स नेक्सस ठरलेल्या जोडणीवर चाचण्या घेतात, तापमान खोलीच्या तुलनेत देतात आणि सारख्या आवाजावरची तुलनाही करतात. टेकपॉवरअपची लेखी परीक्षणे जोडणीच्या टप्प्याटप्प्यांच्या छायाचित्रांमुळे जागेचा अंदाज घ्यायला उपयोगी पडतात. हार्डवेअर कॅनक्स यांचे व्हिडिओ रचनेतले बारकावे दाखवतात. यांपैकी कोणाचाही निष्कर्ष डोळे मिटून स्वीकारू नये. वर सांगितलेली कसोटी त्यांनाही लावावी.

कॅबिनेट घरी आल्यावर मी स्वतः अभिप्राय लिहू का?

अवश्य लिहा, पण खोके उघडल्या दिवशी लिहू नका. आधी काच, कोपरे आणि पुढचे सगळे पोर्ट तपासून घ्या, संगणक जोडा, महिनाभर वापरा आणि मग लिहायला बसा. कोणता बोर्ड, कोणते कार्ड, कोणता कूलर बसवला त्यांची पूर्ण नावे द्या. मोजपट्टी लावून कार्डाच्या पुढे आणि कूलरच्या वर किती मिलिमीटर उरले ते लिहा, आणि कोणता भाग कोणत्या भागाच्या आधी बसवावा लागला हेही लिहा. तोच कूलर आणि तेच कार्ड हाती घेऊन शोधणारा कोणीतरी असतोच, आणि त्याला हवी असलेली ओळ अनेकदा दुसरीकडे कोठेच मिळत नाही.